पाचवं नाव

म्हसवडच्या आमच्या ऑफिसात चौघांना मिळून एकच राउटर आहे आणि त्याची राखण माझ्याकडं. माझ्या परवानगीवाचून त्यावर कुणी येत नाही, म्हणून महिन्याचा नेट पॅक महिनाभर पुरतो. एवढा अभिमान देव मला माफ करील.

रोज बारापर्यंत माझं मौन असतं. मोबाइलही घरी देवापाशी राहतो.

आज बाराला पाच कमी असताना राउटरच्या यादीत चार संगणकांखाली पाचवं नाव दिसलं, ‘मंगल’. माझंच. मोबाइल तर घरी, मग कुणीतरी माझ्या नावानं घुसलंय असं समजून मी ते अडवलं.

तोच समोरच्या विश्वजितनं माझ्या खुर्चीकडं बघत शेजारच्या टेबलावरच्या जोतीरामांना विचारलं, “मंगलताई आज आल्या न्हाईत व्हय?”

बारा वाजले. मौन सोडून मी म्हणाले, “आवं, हितंच हाय की मी.”

विश्वजितनं उठून माझ्यावरचा पंखा बंद केला.

“ताईंचीच शिकवण हाय,” तो म्हणाला. “रिकाम्या खुर्चीला वारा कशाला?”