डावीकडे झुकलेली जीप

जुनी जीप डावीकडे झुकायची, म्हणून मिस्त्रीने दुपारभर खपून तिचे कमानपाटे आणि शॉक बदलले. पण जॅक काढला आणि गाडी पुन्हा डावीकडेच कलली.

घरात त्याची बायको तापाने फणफणली होती. घाटापलीकडच्या दवाखान्यात न्यायला दुसरी गाडी नव्हती आणि अशा कललेल्या गाडीने घाटाची वळणं घेणं म्हणजे जिवाशी खेळ. त्याने डावे पाटे उजवीकडे घातले, उजवे डावीकडे. टायरची हवा पाहिली. गाडी तशीच.

शेवटी त्याने पाना फेकला आणि रिकाम्या डाव्या सीटपुढे हात जोडले. "कोण असाल ते उतरा हो. पाया पडतो तुमच्या."

गाडी जराही हलली नाही.

आता थांबण्यात अर्थ नव्हता. यातलं काही ठाऊक नसलेल्या बायकोला त्याने उचलून आणलं आणि डावीकडचं दार उघडलं. तिने आत पाहिलं आणि अंग चोरलं.

"अहो, मला मागेच बसवा," ती कुजबुजली. "त्यांच्या मांडीवर लेकरू झोपलंय, कशाला उठवायचं त्यांना?"