उशी कॅमेऱ्यात नको

"उशी बाजूला ठेव आधी," शुभदा म्हणाली आणि तिने नवऱ्याच्या शर्टाचं गळ्याचं बटण लावून टाकलं.

शुक्रवार, इथे आखातात सुट्टीचा वार. चिपळूणहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल यायची वेळ झाली होती.

प्रसन्नच्या छातीवरचा लांबलचक व्रण शर्टाखाली गेला. हृदयाचे ठोके वाट्टेल तसे पळायला लागले, गोळ्यांनी आवरेनात, म्हणून सहा आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी छाती उघडून ऑपरेशन केलं होतं. खोकला आला की उशी छातीशी घट्ट आवळायची, हे नर्सने शिकवलेलं. चार वर्षांच्या लेकीने, अक्षराने त्या उशीचं नावच खोकूबाई ठेवलं होतं.

चिपळूणला यातलं काहीही कळू द्यायचं नव्हतं. सासरे हृदयानेच गेले. मुलाचंही तेच म्हटल्यावर आईंनी हाय खाल्ली असती. म्हणून पहिले पंधरा दिवस शुभदाने कॅमेरा बिघडल्याचं सांगून नुसत्या फोनवर भागवलं. नशिबाने तिकडे बंडूभावोजीही म्हणाले, "इथे नेट धड नाही, वहिनी. व्हिडिओ नकोच."

फोन वाजला. पडद्यावर आई, दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन मागे टेकून बसलेल्या.

"बारीक दिसतोस रे."

"पन्नास डिग्री ऊन आहे, आई. तूच सुकलीयस."

"माझं काय, वय झालं. शुभदा, खायला घालतेस ना त्याला?"

"घालते हो. पण इथल्या फहाहीलच्या मार्केटात पापलेट नसलं की तोंड वाकडं करतो."

"बापावर गेलाय," आई हसल्या आणि हसता हसता मध्येच थांबल्या.

मग शुभदाला धास्ती होती तो विषय निघालाच. गणपती. दरवर्षी आई जूनपासून तिकिटाचा धोशा लावायच्या. इकडे डॉक्टर विमानप्रवासाला अजून नाही म्हणत होते.

"यंदा नाही आलात तरी चालेल," आईच म्हणाल्या. "दीड दिवसाचाच आणतोय. मोदक बंडूची बायको करेल. उगाच दगदग नको."

शुभदाला हायसं वाटलं. सुटलो एकदाचे.

बाहेर सकाळपासून धूळ उडत होती. प्रसन्नच्या घशातली खवखव नेमकी आत्ता वर आली. तो खोकला, आणि सवयीने हात उशीकडे गेला. त्याने ती छातीशी आवळली. थेट कॅमेऱ्यासमोर.

अक्षराने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

आईंनी उशीकडे पाहिलं. काय झालं, कधी झालं, एका शब्दाने विचारलं नाही. डोळे मात्र भरून आले.

"अशी नाही रे धरायची, टाके ओढतात," त्या हळूच म्हणाल्या. "बंडू, माझी उशी दे इकडे. दाखवते त्याला."