देवमनसाठी एक शब्द

सरकारी कचेरीत शब्दाला माणसाहून जास्त मान असतो. निदान अकोल्याच्या त्या कचेरीत माणूस उभा होता आणि शब्दाचा शोध बसून चालला होता.

उभा होता तो देवमन बाबू. बारा वर्षं आवक-जावक त्याच्याकडे. एक कागद हरवला नव्हता. पण पगाराच्या श्रेणीत एका पायरीवर आडकाठी होती, तिला सगळे 'एफिशियन्सी बार' म्हणत. माणूस कामाचा आहे असा साहेबांचा दाखला अमरावतीच्या वरिष्ठ कचेरीत पोचला, तरच पगार पुढं सरकायचा. आधीच्या दोन साहेबांनी हे काम पुढच्या साहेबांवर सोडून बदली घेतली होती. यंदा दाखला धाडायची मुदत आज संपत होती. टपाल चारच्या गाडीनं निघणार होतं.

हे साहेब पुण्याचे. त्यांनी छापील फॉर्म पुढ्यात घेतला आणि जाडजूड डिक्शनरी उघडली.

"'प्रोफिशियंट' लिहिणार होतो," ते म्हणाले. "पण मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ, पुढं जात असलेला. म्हणजे अजून पोचलेला नाही."

"नाई पोचलो, साहेब," देवमन म्हणाला. "त्याच्यासाठीच तं आलो."

"'अडेप्ट' म्हणजे ज्याला साधलं तो. जुने किमयागार स्वतःला म्हणवून घ्यायचे. सोनं करण्याची विद्या साधली म्हणून."

"मंग झालं का सोनं?" दारातून हेडक्लार्क खुशालरावांनी विचारलं.

"नाही."

"मंग राहू द्या तो."

साडेतीन झाले. 'डेफ्ट', म्हणजे सफाईदार हाताचा, हा शब्द पूर्वी गरीब स्वभावाच्या माणसाला लावत आणि मूर्खाला लावायचा शब्द त्याचाच सख्खा भाऊ, असं निघालं. तोही गेला.

"साहेब," खुशालराव म्हणाले, "आमच्या अंजनगावच्या बाजारात बैल घ्याचा असला तं त्याले दोन फेरे जुपून पाह्यतात. त्याच्या आजाचं नाव कोनी इचारत नाई."

साहेब हसले नाहीत. देवमनही हसला नाही.

"शब्दाचं कूळ काहून पाहून राहिले, साहेब?" तो हळू म्हणाला. "माहं काम पाहा ना."

"काम पाहिलंय. उत्तम आहे. म्हणून तर भलता शब्द चालणार नाही."

पावणेचारला साहेबांनी शेऱ्याच्या रकान्यात सुबक अक्षरात 'एफिशियंट' लिहिलं. काम तडीस नेणारा. सही केली, शाई टिपली. कागद गोपनीय, म्हणून पाकीट स्वतःच्या हातानं चिकटवलं. देवमन ते घेऊन स्टेशनावर जवळजवळ पळतच गेला.

महिन्यानं फॉर्म परत आला. देवमनची वाढ पुढल्या वर्षावर गेली. साहेबांच्या शब्दाबद्दल अमरावतीची काही तक्रार नव्हती. फॉर्मच्या तळाशी 'लायक' आणि 'नालायक' असे दोन शब्द छापलेले होते. त्यांतला नको असेल तो खोडायचा होता. साहेबांनी दोन्ही तसेच ठेवले होते.