सुटा कोपरा

माडीवरच्या खोलीतल्या भिंतभर काचेवर दस्तगीरनं साबणाचं पाणी फवारलं, सुरक्षेची फिल्म अलगद टेकवली आणि रबरी पट्टीनं मधून कडेकडे बुडबुडे रेटायला घेतले. काच नुकतीच बदललेली होती. जुनी चोरानं फोडली, असं साहेब म्हणाले होते.

"आता फुटणार नाही?" दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं विचारलं.

"घण घाला, वहिनी! तडे जातील, पण तुकडा हलणार नाही. चोराची काय बिशाद आत यायची!"

"आणि आतून बाहेर जायचं असेल तर?"

तो हसत वळला. तिच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज होतं आणि मागच्या उघड्या दाराची कडी बाहेरच्या बाजूला होती.

"खालचा कोपरा सुटा ठेवा, भाऊ," ती कुजबुजली. "नखानं सोलून काढीन."

त्या कोपऱ्यात एवढासा बुडबुडा उरला होता. दस्तगीरनं मान डोलावली आणि पट्टी खाली ठेवली.

जिन्यात साहेबांची चप्पल वाजली. "बुडबुडे नाहीत ना राहिले?"

"नाहीत, साहेब," तो चटकन म्हणाला, आणि बोलता बोलता त्याच्या अंगठ्यानं सवयीनं तो कोपरा घट्ट दाबून बसवला.