सड्यावर टाकलेलं

"एका गिधाडापायी सकाळी सकाळी अख्खा गाव देवळात बसवलाय. चुलीवर माझी डाळ करपली असेल," थोरल्या जाऊबाई माझ्या कानाशी कुरकुरल्या.

समोर जनावरांच्या डॉक्टरीणबाई एक्स-रे धरून उभ्या होत्या. आजारी गिधाडाच्या पोटात तीन पांढरे ठिपके दिसत होते. "हे बंदुकीचे छर्रे, शिशाचे. मागच्या शिकारीची आतडी खाल्ली त्यानं. विष रक्तात भिनलंय, मान उचलत नाही. काल संध्याकाळी पुन्हा बार ऐकू आला. ऊन तापलं की डोंगरावरची उरलेली अकरा गिधाडं खाली उतरतील. आतडी कुठे टाकलीत तेवढं सांगा, आम्ही पुरून टाकतो."

"शिकारी पलीकडच्या गावचे असतील," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. शिकारीला बंदी, बोलेल तो अडकणार. काल रात्री मात्र घरोघर डुकराचा वाटा पोचला होता, आणि छर्रे थुंकत थुंकत सगळ्यांनी मटणाचं कौतुक केलं होतं. आतडी गिधाडांसाठी सड्यावर, गावावरच्या उघड्या कातळाच्या माळावर ठेवायची, ही आमच्याकडची जुनी रीत. तेवढंच पुण्य.

आमचे हे दाराशी बसले होते. बावीस वर्षांच्या संसारात मी त्यांना चारचौघांत कधी मान खाली घालायला लावली नव्हती. आज त्यांनी ती आधीच घातली होती, तेवढीच माझी सोय झाली.

मी उठले. जाऊबाईंनी पदर ओढला, तो सोडवून घेतला.

"बाई, डुक्कर आमच्या ह्यांनी मारलं, रांधलं मी," मी म्हणाले. "आतडी सड्यावर, करवंदीच्या जाळीमागे आहेत. चला, दाखवते."