सुरी कमी, मूठ जास्त

नेब्रास्कात त्या सकाळी उणे वीस होतं. गारठून मेलेल्या वासरापासून गाय हलायला तयार नव्हती, आणि शेडमध्ये आई गेलेलं दुसरं वासरू भुकेने ओरडत होतं.

रँचचा म्हातारा मालक डेल म्हणाला, "मेलेल्याचं कातडं काढून याच्या अंगावर बांधायचं. स्वतःच्या वासराचा वास आला की गाय याला पाजते. पण माझी बोटं आज सुरी धरत नाहीत."

"मी काढतो," ईश्वर म्हणाला. पशुविज्ञानाची पदवी घेऊन तो नागपूरहून इथे नोकरीला आला होता. त्याने पायांपाशी चार काप घेतले आणि बाकीचं कातडं मुठीने रेटत सोडवलं. कुठे भोकसुद्धा पडलं नाही.

तासाभरात गायीने त्या पोरक्या वासराला हुंगलं, चाटलं आणि पिऊ दिलं.

"मला हे आजोबांनी शिकवलं," डेल म्हणाला. "तुला कुणी?"

"व्हिडिओ बघून शिकलो."

"भारीच असणार तो. मला पाठव, नातीला दाखवतो."

ईश्वर मान डोलावून उगाच फोन चाळू लागला. 'सुरी कमी, मूठ जास्त,' असं बजावत त्याच्याही आजोबांनीच त्याला ओढ्याकाठी हे काम शिकवलं होतं. त्यांचा एकच फोटो त्याच्याकडे होता: मेलेल्या बैलाशेजारी बसलेले, हातात सुरी, तोंडभर हसू. हॉस्टेलवर राहायला गेला त्या दिवशीच, रूममेटला दिसायच्या आत, त्याने तो डिलीट केला होता.