जेमुसीचा भाव

दोन कोटी वॉन. आकडा ऐकून जावई ताएशिकने सासूकडे पाहिलं. ह्वासनने मान वर केली नाही. बर्फात घसरू नये म्हणून ती ट्रकच्या मागच्या चाकाला साखळी गुंडाळत होती. बर्फ वितळायला लागला होता. चार दिवसांत चिखल झाला की डोंगरावरची वाट बंद, आणि वर लार्चच्या झाडांचे ओंडके अजून पडून होते.

गिऱ्हाईक सोलहून आलं होतं. प्योन त्यांचं नाव. धरणाकाठी त्यांचं मोठं कॅफे होतं आणि दारात उभा करायला त्यांना लष्कराचा जुना ट्रक हवा होता. लढाईच्या काळात अमेरिकनांनी आणलेल्या या गाड्यांच्या नाकावर कारखान्याची तीन इंग्रजी अक्षरं होती. कांगवॉनच्या डोंगरात त्यांचा उच्चार जेमुसी झाला. आता थोड्याच उरल्यात, म्हणून भाव चढलाय, असं प्योन सांगत होते. लोक फोटो काढायला रांगा लावतात म्हणे. हे रुंद नाक, हे गोल दिवे, असं आता कुणी बनवत नाही.

मग ते गाडीखाली शिरले आणि बाहेर आले ते तोंड पाडूनच. इंजिन एका बसचं, गिअरपेटी भलत्याच गाडीची, डावा दरवाजा प्लायवूडचा. अस्सल म्हणावं असं सांगाड्याखेरीज फारसं काही नव्हतं. भाव दीड कोटीवर आला.

"इंजिनाचं तसं काही नाही," कोट झटकत ते म्हणाले. "ते आम्ही काढूनच टाकणार. तेल गळलं की फरशी खराब होते."

ह्वासनने तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. ते इंजिन तिने आणि नवऱ्याने भर थंडीत सहा दिवस खपून बसवलं होतं. पण प्योन तिच्याशी बोलतच नव्हते. गाडीचे कागद तिच्या नवऱ्याच्या नावावर होते, म्हणून व्यवहाराचं सगळं ओट्यावर बसलेल्या चांगबोकशी चाललं होतं. तिच्या वाट्याला एवढंच आलं होतं, की आजी, प्यायला काही गरम मिळेल का.

ताएशिकने कपाटातून सासऱ्यांच्या नावाचा, सहीच्या जागी उमटवायचा शिक्का आणून त्यांच्यापुढे ठेवला. त्याच्या मनात पाप नव्हतं. चौसष्ट वर्षांची सासू त्या चढावर गाडी घालते, आणि ती खाली आल्याचा फोन येईपर्यंत त्याच्या बायकोला घास उतरत नाही.

चांगबोकचा खुबा दोन हिवाळ्यांपूर्वी ओंडका घरंगळून मोडला होता. त्यांनी शिक्का जवळ ओढला.

"विकून टाकू," ते म्हणाले. "मी दिवसभर इथे बसून डोंगरातून येणारा आवाज ऐकतो. मधेच तो थांबला की पोटात गोळा येतो माझ्या."

ह्वासन साखळी टाकून उठली. गोळ्याचं तिला कुणी सांगायला नको होतं. तीस वर्षं नवरा गाडी चालवायचा आणि ती लाकडी पाचर घेऊन मागून पायी चालायची. चढावर गाडी मागे सरली की धावत जाऊन चाकाखाली पाचर घालायची. तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. चांगबोक दवाखान्यात होते तेव्हा ठेकेदाराने दुसरा ड्रायव्हर बघायचं ठरवलं, आणि त्याच सकाळी ती जाऊन स्टिअरिंगमागे बसली. पहिल्या खेपेला लाकूडतोडे कामं टाकून गंमत बघायला जमले. दुसऱ्या खेपेला त्यांनी मुकाट्याने ओंडके भरले.

"तुमचा खुबा मोडला म्हणून तुम्ही उतरलात," ती नवऱ्याला म्हणाली. "मी आत्ता कुठे चढलेय."

चांगबोकनी शिक्का उचलला, अंगठ्याने त्याच्यावरची लाल शाई पुसली आणि तो जावयाच्या हातात परत दिला.

"कपाटात ठेव," ते म्हणाले. "आणि तिला साखळी ओढायला मदत कर."

प्योन गेले नाहीत. म्हातारी भाव ओढून धरतेय अशीच त्यांची समजूत झाली. गाडी वर गेली तसे तेही चकचकीत बूट सांभाळत, धापा टाकत वाटेने चढू लागले. अर्ध्या डोंगरावर त्यांना ती भरून उतरताना दिसली. लार्चचे वीस-बावीस ओंडके लादलेली जेमुसी पहिल्या गिअरमध्ये घुरघुरत, इंचाइंचाने खाली येत होती. या उतारावर ब्रेकचा भरवसा नसतो. इंजिनच गाडी धरून ठेवतं. मागून दोन लाकूडतोडे पाचर खांद्यावर घेऊन चालत होते.

प्योन वाटेच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला.

"अडीच कोटी," ते म्हणाले. "आणि इंजिनाला हात लावणार नाही. शब्द देतो."

ह्वासनने प्लायवूडच्या दरवाजावरून डोकं बाहेर काढलं. तिचा पाय ब्रेककडे गेला नाही.

"बाजूला व्हा, साहेब. भरलेली असली की ही कुणासाठी थांबत नाही."

त्यांनी कडेच्या बर्फात उडी घेतली आणि मांड्यांपर्यंत आत रुतले. राळेचा वास सोडत ओंडके त्यांच्या छातीजवळून सरकत गेले, एकामागून एक, बराच वेळ.